विश्रांतीसाठी भांडणारा माणूस हवा

"सर, याला जरा जास्ती घ्या. घरात नुसता लोळतोय."

मुलाला घेऊन येणाऱ्या बापाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. बाप विट्याचा असो, कराडचा असो नाहीतर दहिवडीचा. मुलगा मागं मान खाली घालून उभा असतो. मी बापाला चहा सांगतो आणि मुलाशी बोलायला बसतो. उठतोस किती वाजता? साडेचारला. एवढ्या लवकर का? धारा असतात. मग? डेअरीला दूध घालून मैदानावर, तिथून एसटीनं कॉलेज, दुपारी वैरण, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री जेवून अभ्यासिकेत भरतीचा अभ्यास. झोपतोस कधी? अकरा, साडेअकरा. असा हा मुलगा रविवारी दुपारी तासभर आडवा पडतो आणि घरच्यांना तेवढंच दिसतं.

खेळाडूंची ताकद आणि दम वाढवायचं वेळापत्रक आखणं हे माझं काम. आधी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता पूर्णवेळ हेच करतो. स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग या नावानं हे काम राष्ट्रीय शिबिरांत, आयपीएलच्या संघांत, मोठ्या शहरांत सगळ्यांना माहीत झालंय. आमच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मात्र शिट्टी मारून पोरांचा घाम काढणाऱ्यालाच लोक कोच म्हणतात. घाम काढायला काही शिकावं लागत नाही. कुठल्याही पोराला अर्ध्या तासात ओकारी येईपर्यंत पळवता येतं. शिकावं लागतं ते त्याला कधी थांबवायचं हे ओळखायला. सातारा-सांगलीत मेहनतीला तोटा कधीच नव्हता. ती मेहनत खेळाडूच्या अंगाला मापून देणारा आणि वेळ आली की त्याच्या विश्रांतीसाठी चार लोकांशी भांडणारा माणूस आपल्याकडं नाही. तो तालुक्या-तालुक्यात पगार देऊन नेमला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दोन जिल्ह्यांची यादी पाहा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव टोकियोत धनुष्य घेऊन उभा राहिला. संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, त्याचे वडील सांगलीत पानाची टपरी चालवायचे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं. २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या महिला क्रिकेट संघात सांगलीची स्मृती मानधना उपकर्णधार होती. ही नावं घेताना ऊर भरून येतो. पण मला त्यांच्या मागची पोरंही दिसतात. पंधराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली आणि अठराव्या वर्षी गुडघा, पाठ नाहीतर नडगी धरून घरी बसलेली. त्यांची यादी कुणी केलेली नाही.

सगळ्यात जास्त पोरं भरतीच्या तयारीत मोडतात. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. लांब पल्ल्याच्या धावण्याला २०, बाकी दोन्हींना पंधरा-पंधरा. तेव्हा गावोगावच्या अकॅडमीत पोरांना रोज घड्याळ लावून १६०० मीटर पळवतात. सोमवारी परीक्षा, मंगळवारी परीक्षा, शनिवारीही परीक्षाच. तीही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. पहिल्या महिन्यात वेळ झपाट्यानं उतरते. पोरगं खूष, बाप खूष, अकॅडमीवालाही खूष. दुसऱ्या महिन्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. 'अंग तापलं की जातंय' म्हणून पोरगं पळत राहतं. तिसऱ्या महिन्यात ते लंगडत माझ्याकडं येतं.

माणमधला असाच एक मुलगा आला. त्याला बाकावर बसवून मी अंगठ्यानं नडगी खालून वर दाबत गेलो. वीतभर पट्टा सारखा दुखत असेल तर बहुतेक वेळा हाडाच्या आवरणाची आणि स्नायूंची तक्रार असते, भार कमी केला की ती उतरते. याचं तसं नव्हतं. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा टेकला आणि त्यानं पाय ओढून घेतला. त्या पायावर एक उडी मार म्हटलं तर मारवेना. रात्री अंथरुणातही ठणकतं, म्हणाला. मी त्याला थेट हाडांच्या डॉक्टरकडं पाठवलं. हाडाला चीर गेली होती. "सर, ग्राउंड पंधरा दिवसांवर आलंय, गोळी घेऊन पळला तर चालंल का?" बाप विचारत होता. मी नाही म्हणालो. त्या वर्षीची भरती गेली, पाय राहिला.

हे दुखणं नवं नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइथाउप्ट नावाच्या डॉक्टरनं संचलन करून करून पाय सुजलेल्या शिपायांची टिपणं लिहून ठेवली, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. पुढं जगभरच्या सैन्यांत नव्या रंगरुटांना पहिल्या काही आठवड्यांतच हे दुखणं होतं हे पुन्हा पुन्हा दिसलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. माणूस पळायला लागला की हृदय आणि फुप्फुसं थोड्याच आठवड्यांत तयार होतात. हाडाला तेवढी घाई जमत नाही. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवा भरतं. पोखरण्याचं काम लवकर उरकतं, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा नाजूक असतं. नेमका याच काळात दम वाढलेला असतो, त्यामुळं पोरगं पूर्वीपेक्षा जोरात पळत असतं. वेळापत्रकातला हलका आठवडा या हाडासाठी असतो. तो वगळला की पोराची चिकाटी जेवढी जास्त तेवढी दुखापत मोठी, कारण चिवट पोरं दुखणं लपवतात.

भरतीच्या मुलाला मी आठवड्यात दोनदाच जोरात पळवतो. एक दिवस चारशे मीटरचे तुकडे, मध्ये पुरेशी विश्रांती. दुसऱ्या दिवशी छोटा चढ. आणखी दोन दिवस बोलता बोलता पळता येईल इतक्याच वेगानं, मातीच्या वाटेवर. दोन दिवस ताकदीचे. पूर्ण १६०० घड्याळ लावून तीन-चार आठवड्यांतून एकदा. तीन आठवडे भार चढता, चौथा उतरता. एका पायावर उभं राहून पायरीच्या कडेवर टाच पंचवीस वेळा नीट उचलता येत नाही त्याला मी जोरात पळवतच नाही, कारण पोटरी कमकुवत असली की पावलाचा हिसका सरळ नडगीवर येतो. ग्राउंडच्या आधीचे दोन आठवडे वेग तोच ठेवून अंतर जवळजवळ निम्म्यावर आणतो. याच दोन आठवड्यांत घरचे सगळ्यात जास्त घाबरतात आणि फोन सुरू होतात: "सर, बाकीची पोरं रोज दोन टाइम पळत्यात." तिथं माझी खरी नोकरी असते. त्या फोनवर ठाम राहायचं.

जाता जाता आणखी एक सांगायलाच हवं. कमी रक्तदाबाच्या रुग्णांना द्यायचं इंजेक्शन भरतीच्या आणि जिमच्या मुलांना चोरून विकणाऱ्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात. ज्याला विश्रांती मिळत नाही ते थकलेलं पोरगं या बाटलीचं पहिलं गिऱ्हाईक असतं. आपल्या मुलाच्या बॅगेत सुई दिसली तर अकॅडमी बदलण्याआधी त्याला डॉक्टरकडं न्या, त्याचं हृदय तपासून घ्या.

माझ्या शेडमध्ये यंत्रं नाहीत. दोन बार, प्लेटा, एक भक्कम रॅक, लोंबकळायला आडवा पाइप, लाकडी खोकी आणि वाळूच्या पिशव्या. सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे प्रत्येकाची दोनशे पानी वही. पहिल्या पानावर जन्मतारीख, खेळ, स्पर्धांच्या आणि परीक्षेच्या तारखा, आधीच्या दुखापती, झोप, जेवण आणि घरची कामं. घरच्या कामांचा रकाना मी मुद्दाम मोठा ठेवतो. कारखाने सुरू झाले की काही पोरं दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत असतात. त्या दिवशीचा त्यांचा पायांचा आणि पाठीचा व्यायाम होऊन गेलेला असतो. अशा पोराला संध्याकाळी पुन्हा बारखाली उभं करणं म्हणजे त्याच्या अंगावर अन्याय आहे. मी त्याला ताणाचे व्यायाम देतो, पोटभर जेवायला सांगतो आणि घरी धाडतो.

सराव संपला की थोड्या वेळानं प्रत्येकानं वहीत एक आकडा लिहायचा. शून्य ते दहा, आज किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटांचा सराव आणि आकडा सात, म्हणजे भार ४२०. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत आज जगातले मोठमोठे संघ वापरतात, आणि तिला पेनापलीकडं काही लागत नाही. रविवारी आठवड्याची बेरीज करायची. मागच्या आठवड्यापेक्षा ती एकदम उसळली असेल तर पुढचा आठवडा खाली आणायचा. बेरजेपेक्षाही मला एकेका दिवसाचा आकडा जास्त सांगून जातो. तेवढंच वजन, तेवढेच सेट, आणि गेल्या मंगळवारी पाच लिहिणारी मुलगी आज आठ लिहिते. म्हणजे काहीतरी बिघडलंय. ताप येऊ घातलाय, परीक्षा आहे, पाळी आहे, घरात भांडण झालंय. विचारलं तर ती 'काही नाही सर' म्हणते, पण वहीत खरं लिहिते. मी त्या दिवशी बारवरच्या प्लेटा उतरवतो.

व्यायाम फार नसतात. बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, ओझं घेऊन चालणं, उडी मारून नीट उतरणं. खेळ बघून त्यातलं कमीजास्त करायचं. स्टीपलचेसमध्ये धावपटूला २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. दर वेळी सगळं अंग एका पायावर येऊन आदळतं, आणि शेवटची उडी दमलेल्या पायावर. ललिता बाबरनं रिओच्या पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत हे सगळं पार केलं. अशा खेळाला एका पायाची ताकद आधी हवी. अदितीच्या कंपाउंड धनुष्याच्या ओढीचं वजन नियमानं ६० पौंडांपर्यंत जाऊ शकतं. क्रमवारीच्या फेरीत ७२ बाण, पुढं प्रत्येक लढतीत पंधरा, आणि सरावात याच्या कितीतरी पट. तिथं खांद्याच्या पात्यामागचे स्नायू आणि स्थिर कंबर लागते, छाती फुगवून उपयोग नाही. सचिन खिलारीचा गोळा हातातून सुटतो पण त्याचा जोर पायांतून येतो. मी यांच्यापैकी कुणाचा प्रशिक्षक नाही, त्यांच्या खेळांची मागणी सांगतोय. आणि आमच्याकडं काय चालतं? मोबाईलवर आलेला कुठल्यातरी शरीरसौष्ठवपटूचा तक्ता धावणाऱ्याला, तिरंदाजाला, कबड्डीवाल्याला आणि पैलवानाला सरसकट वाटतात. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी दंड.

वजनं उचलणं म्हणजे रोज जास्तीत जास्त वजन उचलणं, हा दुसरा गैरसमज. संकेत सरगरची बर्मिंगहॅमची लढत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच प्रयत्नात १३५. मग १३९ उचलताना उजवं कोपर दुखावलं. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला त्याच वजनाखाली पुन्हा उभा राहिला. एकूण २४८ किलो, सुवर्ण २४९ वर गेलं. स्पर्धेच्या मंचावर तो धोका पत्करायचाच असतो, त्यासाठीच वर्षभर राबायचं असतं. सरावात मात्र जाणकार वेटलिफ्टर बहुतेक दिवस आपल्या कमाल वजनाच्या बऱ्याच खाली काम करतो आणि प्रत्येक उचल स्वच्छ करतो. आमच्या जिममध्ये सोळा वर्षांची पोरं रोज एकमेकांशी पैजा लावून पाठ वाकडी करत डेडलिफ्ट मारतात, मित्र चित्रीकरण करतात. त्यातून ताकद येत नाही, मणक्याच्या तक्रारी येतात.

तालमीबद्दल बोलायचं तर मी तालमीच्या बाजूचा माणूस आहे. आमच्याकडं व्यायामाची परंपरा किती खोल आहे हे औंधकडं पाहिलं तरी कळतं. औंध संस्थानात आजच्या सातारा जिल्ह्यातला भाग होता तशी आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी आणि किर्लोस्करवाडीही होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि ती परदेशातही वाचली गेली. जोर, बैठका, दोर, गदा, मल्लखांब, फावड्यानं हौदा उकरणं, यातलं एकही टाकाऊ नाही. हौदा उकरणाऱ्याची कंबर आणि पकड अजूनही कुठल्या यंत्रावर तशी तयार होत नाही.

पण खेळ बदललाय. मातीवरची कुस्ती लांबायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंद. सहा मिनिटांत सगळं संपतं. हजार बैठका मारणाऱ्याचे पाय दमत नाहीत हे खरं, पण पहिल्या तीन सेकंदांत समोरच्याला उचलायची झटक्याची ताकद हजाराव्या बैठकीतून येत नाही. ती जड वजनाच्या चार-पाच उचलींतून येते, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. म्हणून पैलवान आला की मी त्याच्या बैठका कमी करतो आणि बारवरचं वजन वाढवतो. तीन मिनिटांचे झटके तालमीतच, वस्तादांच्या नजरेखाली करायचे. वस्तादांशी बोलल्याशिवाय मी त्यांच्या पठ्ठ्याला हात लावत नाही. अनुभवी वस्तादांना हे पटवायला वेळ लागत नाही. मोठी कुस्ती जोडली की पठ्ठ्याची मेहनत कमी करून मालिश आणि खुराक वाढवायचा, हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे. अडचण यात्रांच्या हंगामाची आहे. एका गावात कुस्ती करून पैलवान रात्री जीपमध्ये बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फडात उतरतो. इनाम मिळतं, घर चालतं, त्याला मी नाही कसं म्हणू? पण पंधरा दिवसांत अंगातला जोर निघून गेलेला असतो आणि मग एखाद्या साध्या डावावर खांदा निखळतो.

विश्रांती नाकारली गेली की काय होतं ते या भागाइतकं कुणाला माहीत असायला नको. हेलसिंकीला खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी मोठी दमछाक करणारी लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हशी उतरायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम दाखवून अर्धा तास मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोव्हला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पैसे उभे राहिले, मेहनत होती, डावपेच होते. नव्हता तो फक्त त्या मॅटशेजारी उभा राहून 'आत्ता नाही, अर्ध्या तासानं' म्हणणारा माणूस. सात दशकं उलटून गेली. आपल्या तालुक्यातल्या मैदानावर तो माणूस अजूनही नाही.

मुलींचा प्रश्न तर मैदानाबाहेरच सुरू होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आढळला. याच घरांतल्या मुली सकाळी कोरा चहा पिऊन मैदानावर येतात. दम लागतो, चक्कर येते, आणि वर 'स्टॅमिना नाही' असा शेरा बसतो. माझ्याकडं नव्या मुलीच्या वहीत वजनाचा पहिला आकडा हिमोग्लोबिनचा कागद आल्यावरच पडतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, खर्चाचा प्रश्न नाही. पाळी सलग तीन महिने आली नाही तर सराव कमी आणि आधी डॉक्टर, हे मी आईला समोर बसवून सांगतो. प्रवीण जाधवची गोष्ट इथं सांगावीशी वाटते. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा अंगानं अशक्त मुलगा. सरडेच्या जिल्हा परिषद शाळेतल्या विकास भुजबळ सरांनी त्याला खेळात आणलं आणि त्याच्या खाण्यापिण्याकडं लक्ष दिलं. ताकदीच्या वेळापत्रकाची पहिली ओळ जेवणाची असते, हे त्या शिक्षकाला कुठल्याही पदवीशिवाय कळलं होतं.

मुलींच्या गुडघ्याचंही तसंच. उड्या मारणाऱ्या, झटक्यात दिशा बदलणाऱ्या खेळांत गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे जगभर दिसून आलंय. तासगावकडची एक कबड्डीपटू माझ्याकडं आली. चढाईला विजेसारखी. तिला गुडघाभर उंचीच्या खोक्यावरून खाली उडी मारायला सांगितली. उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडं वळून जवळजवळ चिकटले आणि पाय जमिनीवर 'थप्प' वाजले. आवाज आला की समजायचं, धक्का स्नायूंनी न घेता सांध्यानं घेतलाय. आम्ही खोकी बाजूला ठेवली. आधी जागच्या जागी उडी, आवाज न करता उतरणं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. मग एका पायावर. मग खोकं, आधी वीतभर उंचीचं. सोबत मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, जोडीदारानं घोटे धरायचे आणि तिनं गुडघ्यावर उभं राहून सावकाश पुढं झुकायचं. रोज पंधरा मिनिटं, वॉर्म-अपमध्येच. अशा सरावानं या दुखापती खरोखर कमी होतात, हे अभ्यासांतून सिद्ध झालंय. तरी आपल्या शालेय संघांच्या वॉर्म-अपमध्ये अजून दोन चकरा आणि हात फिरवणंच आहे. शस्त्रक्रियेला लागणारे पैसे आणि बुडणारं वर्ष मोजलं तर या पंधरा मिनिटांइतकी स्वस्त गोष्ट क्रीडा विभागाकडं दुसरी नसेल.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. वजनं उचलली की उंची खुंटते, ही समजूत सोडून द्या. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनानं, नीट पद्धतीनं केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे, असं बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनाही सांगतात. धोका आहे तो बाराव्या वर्षीच एका खेळाला जुंपून वर्षभर तेच ते करून घेण्यात. ज्या सहा महिन्यांत पोराची पँट आखूड होते त्या काळात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा उड्या कमी करायच्या. आणि कोवळ्या वेगवान गोलंदाजाला नेटमध्ये दीड-दीड तास गोलंदाजी करायला लावू नका. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली आहे ती पाठीच्या कण्यातली फ्रॅक्चर पाहूनच.

आता मागणी. तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुलं झाली किंवा होत आहेत. इमारत, कुंपण, फलक यांच्यासाठी निधी येतो. प्रत्येक संकुलात ताकद आणि तंदुरुस्तीचं प्रशिक्षण घेतलेला एक पूर्णवेळ माणूस नेमा, कंत्राटी तीन महिन्यांचा नको. आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. त्या माणसाकडं तालुक्यातल्या शालेय संघांच्या, तालमींच्या आणि भरती अकॅडमीच्या मुलांच्या वह्या असाव्यात. भरती अकॅडमींची जिल्हा क्रीडा कार्यालयात नोंद असावी आणि वह्या न ठेवणाऱ्याला संकुलाचं मैदान मिळू नये.

शासनाचं व्हायचं तेव्हा होईल. आपल्याकडं साखर कारखाने आहेत, सहकारी बँका आहेत, दूध संघ आहेत, यात्रा समित्या आहेत. कुस्तीच्या एका मैदानाला लाखांची इनामं लागतात आणि ती एका दिवसात गोळा होतात, एवढी माया या दोन जिल्ह्यांत खेळाडूंवर आहे. माझी यात्रा समित्यांना विनंती आहे की इनामातला दहावा हिस्सा बाजूला काढा आणि चार-पाच गावांनी मिळून एक माणूस पगारावर ठेवा. त्यानं गावच्या पोरांची वही लिहावी, रक्त तपासून घ्यावं आणि कुणी कितीही ओरडलं तरी थकलेल्या पोराला फडात उतरू देऊ नये.

आणि पालकांनो, मुलाला अकॅडमीत घालण्याआधी तिथल्या सरांना दोन प्रश्न विचारा. या महिन्यात माझ्या मुलाचा हलका आठवडा कुठला? आणि गेल्या आठवड्यात त्यानं काय केलं ते कुठं लिहिलंय? वही समोर आली तर मुलाला निर्धास्त तिथं ठेवा. नाही आली, तर फी भरू नका.